उत्तर ‘बी’. पण का, ते कोण सांगणार?

इंग्रजीच्या परीक्षेसाठी व्याकरणाचा सराव संच घ्यावा, चाळीस प्रश्न मन लावून सोडवावेत, त्यातले सव्वीस बरोबर यावेत आणि उरलेल्या चौदांपुढे एक लाल फुली आणि ‘योग्य उत्तर : बी’, एवढंच दिसावं. तिडीक जाते डोक्यात. बी का? सी का नाही? सी निवडणाऱ्याचा नेमका कुठला नियम चुकला? एक ओळ नाही. उलट पुढचा संच तयार, त्यात आणखी चाळीस प्रश्न. असे शंभर संच सोडवले तरी माणूस त्याच जागी तीच चूक करणार, कारण त्याची चूक त्याला कुणी दाखवलेलीच नाही. आणि परीक्षेत गुण कमी पडले की त्यालाच ऐकवायचं, ‘सराव कमी पडला.’ सराव भरपूर झालेला असतो हो! हातात दिलेलं साहित्यच थातुरमातुर असतं.

एकच प्रश्न घेऊ. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू ... यू.’ पर्याय : मीट, मीटिंग. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून भलेभले ‘मीट’ला खूण करतात आणि गुण घालवतात. इथे सांगायचं असतं ते इतकंच : हा ‘टू’ वेगळा आहे. त्याच्या पुढे एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ चालतं ना? मग तिथे क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’ लावूनच येणार. हीच कसोटी ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ला लावा. ‘यूज्ड टू द नॉइज’ म्हणता येतं, म्हणून ‘वर्किंग’. पण ‘मी पूर्वी रात्री काम करायचो’ या अर्थाच्या ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’मध्ये ‘टू’पुढे नाम ठेवून बघा, वाक्य मोडतं. म्हणून तिथे ‘वर्क’. ‘ऑब्जेक्ट टू’ही याच कसोटीवर सुटतं. चार ओळी लिहिल्या असत्या तर माणूस या जातीचे सगळे प्रश्न आयुष्यभर बरोबर सोडवत राहिला असता. त्या चार ओळी लिहायचा कंटाळा, आणि पाचशे प्रश्न छापायचा उत्साह!

मराठी बोलणाऱ्याची चूक कुठून येते, याचा तर विचारच नाही. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ ही चूक इतक्या जणांची का होते? कारण आपण ‘सोमवारपासून’ही म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो, दोन्हीकडे एकच ‘पासून’. इंग्रजीला तिथे दोन शब्द लागतात : सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. शिवाय आपण ‘राहतो’ असा सरळ वर्तमानकाळ वापरतो, तिथे इंग्रजी ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते. म्हणजे एका वाक्यात दोन सापळे, आणि दोन्हींचं मूळ आपल्याच बोलण्यात. ‘डिस्कस अबाउट’चं तेच : ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नकोच, पण तो येतो, कारण आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो. ‘ही टोल्ड दॅट’चंही तेच, कारण ‘त्याने सांगितलं की’ म्हणताना कुणाला सांगितलं ते आपण सोडून देतो; इंग्रजीत ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड देम’ असं कुणीतरी यावंच लागतं, नाहीतर ‘सेड’ घ्यायचं. हे एकदा कळलं की ती चूक लिहितानाच हात थांबतो. नुसत्या लाल फुलीने कुणाचा हात थांबलाय?

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे ज्यांना एकच उत्तर नाही असे प्रश्न. ‘आय ... माय कीज.’ पर्याय : लॉस्ट, हॅव लॉस्ट. आजूबाजूला एक शब्द नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत! पुढे ‘यस्टर्डे’ असतं तर ‘लॉस्ट’ झालं असतं. ‘... सो आय कान्ट गेट इन’ असतं तर ब्रिटिश वळणाने ‘हॅव लॉस्ट’ ठरलं असतं, आणि अमेरिकन बोलण्यात तिथेही ‘लॉस्ट’ सर्रास चालतं. खऱ्या परीक्षेत प्रश्न काढणारा असा एखादा खुणेचा शब्द ठेवतोच, म्हणून उत्तर एक आणि एकच निघतं. इथे संदर्भ कापून टाकायचा, दोनातलं एक मनाला येईल ते बरोबर ठरवायचं, आणि ज्याने दुसरं निवडलं त्याला वाटत राहतं की आपल्याला काळच कळत नाहीत. येत असलेली गोष्टही डळमळीत करून टाकण्याचा हा प्रकार आहे.

प्रयोग बदलण्याचे ते यांत्रिक व्यायामही तसलेच. ‘ही इज रायटिंग अ लेटर’चं ‘अ लेटर इज बीइंग रिटन बाय हिम’ करा. अशी पन्नास वाक्यं. असं कुठला इंग्रज बोलतो? कर्मणी प्रयोग येतो तो कर्ता माहीत नसतो किंवा महत्त्वाचा नसतो तेव्हा : ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड.’ केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत वाक्य फिरवून लिहायचा जो भाग असतो, त्यात दिलेला शब्द जसाच्या तसा ठेवून, तो धरून दोन ते पाच शब्दांत रिकामी जागा भरायची असते. तिथे ‘डोन्ट’ हे दोन शब्द मोजतात, पण ‘कान्ट’ एकच, कारण तो ‘कॅनॉट’ आहे. सहाव्या शब्दाला जागाच नाही. हा हिशेब सरावात कुणी करून घेतच नाही.

वाचनाकडे या. आयईएलटीएस या परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेतला ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ (विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं, की उताऱ्यात त्याची माहितीच नाही) हा प्रकार नीट न समजता लोक त्याचे प्रश्न पाडतात, तेव्हा तर हात टेकावेत असं होतं. समजा, उताऱ्यात लिहिलंय : ‘उन्हाळ्यात या संग्रहालयात बरेच लोक येतात.’ विधान : ‘संग्रहालयाला सर्वाधिक गर्दी उन्हाळ्यात होते.’ उत्तरसूची म्हणते ‘ट्रू’. साफ चूक! ‘बरेच’ म्हणजे ‘सर्वाधिक’ नव्हे. हिवाळ्यात किती येतात, ते उताऱ्यात आलेलंच नाही. म्हणून ‘नॉट गिव्हन’. ‘फॉल्स’ म्हणायचं तर विधानाला खोटं पाडणारे शब्द उताऱ्यात बोटाने दाखवता आले पाहिजेत. बोट ठेवायला जागा सापडत नसेल, तर ते ‘फॉल्स’ नाही. इतकी साधी परीक्षा प्रश्न काढणाऱ्याने स्वतःच्या प्रश्नाला लावली नाही, आणि त्या चुकीच्या उत्तरसूचीवर माणूस महिनाभर स्वतःचं डोकं ‘सुधारत’ बसतो.

बरं, उतारे तरी कसले? आठ ओळींचा परिच्छेद, आणि प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुबेहूब. नजर फिरवली की उत्तर हाताला लागतं. वाचायची गरजच पडत नाही. खऱ्या परीक्षेत शब्द मुद्दाम बदललेला असतो. उताऱ्यात ‘दहा वर्षांखालील मुलं’ असेल तर प्रश्नात ‘नऊ किंवा त्याहून कमी वय’ येईल. आयईएलटीएसच्या अकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या प्रकारात वाचनाला तीन उतारे, मिळून 2150 ते 2750 शब्द, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही, त्याच साठ मिनिटांत सगळं. आठ ओळींच्या परिच्छेदांवर वाढलेला माणूस दुसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर धापा टाकायला लागतो, यात त्याचा काय दोष? ‘ट्रू, फॉल्स’चे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, पण कुठली माहिती कुठल्या परिच्छेदात आहे हे शोधायचे प्रश्न क्रमाने येत नाहीत, म्हणून ते शेवटी घ्यायचे, तोवर उतारा दोनदा नजरेखालून गेलेला असतो. सरावात सगळेच प्रश्न क्रमाने लावले की हे कळणार कधी?

ऐकण्याच्या सरावाचा तर पार बट्ट्याबोळ करून ठेवलाय. ध्वनिफीत सुरू करायच्या बटणाच्या खालीच पूर्ण संहिता छापलेली! डोळे आपोआप तिकडे जातात आणि ऐकणं संपतं, वाचन सुरू होतं. हवं तितक्या वेळा थांबवा, मागे न्या. आयईएलटीएसमध्ये चार भाग, 40 प्रश्न, साधारण तीस मिनिटं, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच. बी-टू फर्स्टमध्ये दोनदा ऐकवतात. या दोन्हींची तयारी एकसारखी होऊच शकत नाही. एकदाच ऐकायचं असेल तर एक उत्तर निसटल्यावर ते तिथेच सोडून पुढच्या प्रश्नावर डोळे न्यायची सवय लागते, नाहीतर एकापायी तीन जातात. मागे नेण्याचं बटण हाताशी असताना ही सवय लागेलच कशी?

आणि ते संगणकी आवाज! प्रत्येक शब्द सुटा, चकचकीत, दोन शब्दांमध्ये मोजून मापून जागा. माणूस असा बोलत नाही. ‘शुड हॅव’ तोंडातून ‘शुडव’ असं येतं. होकारार्थी वाक्यातला ‘कॅन’ इतका दबतो की ‘क्न’ एवढंच कानावर पडतं, आणि ‘कान्ट’चा स्वर मात्र पूर्ण आणि ठळक असतो, शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही. म्हणजे होकार की नकार, हे त्या ‘ट’वरून ओळखायला गेलात तर फसलात, स्वराचा जोर ऐकायचा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चंही तसंच : पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. कान तयार होतो तो असल्या बारकाव्यांवर. सपाट आवाजावर वर्षभर घासला तरी खऱ्या बोलण्यापुढे तो बहिराच राहतो.

वक्ता स्वतःचं बोलणं दुरुस्त करतो, ही खऱ्या परीक्षेतली नेहमीची खेळी. ‘मंगळवारी भेटू... नको, त्या दिवशी हॉल बंद असतो, गुरुवारी या.’ पहिला ऐकलेला वार लिहिणारा तिथे गुण गमावतो. सरावात मात्र एकच वार, एकच किंमत, एकच वेळ उच्चारतात; सापळाच नाही. मग अनेकवचनी ‘एस’. उत्तर ‘टिकेट्स’ असताना ‘टिकेट’ लिहिलं की शून्य. स्पेलिंग चुकलं, शून्य. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं वर लिहिलेलं असताना तीन लिहिले, शून्य, मग अर्थ कितीही बरोबर असो. आणि सराव संचाची तपासणी किती उदार! ‘द ग्रीन बॅग’ लिहा, ‘ग्रीन बॅग’ लिहा, ‘ग्रीन बॅग्स’ लिहा, सगळं बरोबर. चाळीसपैकी अडतीस अशा त्या खोट्या गुणांच्या भरवशावर लोक परीक्षेची फी भरतात.

गुणांच्या तक्त्यातही बेफिकिरी तीच. आयईएलटीएसचा निकाल ‘बँड’मध्ये, म्हणजे 9 पर्यंतच्या श्रेणीत लागतो. अकॅडमिक वाचनात 40 पैकी 30 बरोबर आले की साधारण 7 बँड. जनरल ट्रेनिंग, म्हणजे नोकरी-स्थलांतरासाठीच्या प्रकारात, वाचनात तेच 30 आले की साधारण 6. पूर्ण एका बँडचा फरक! दोघांना एकच तक्ता चिकटवणारे संच सुखेनैव फिरत असतात, आणि 7 हवे असलेला माणूस तीस आले म्हणून निवांत होतो.

असल्या कचऱ्यातूनही काही कमवायचं तर सगळी मेहनत शिकणाऱ्यानेच करायची. ध्वनिफीत एकदाच, न थांबवता ऐकायची. उत्तरं तपासायची, पण संहिता अजून झाकलेलीच. चुकलेल्या जागेची वीसेक सेकंदं पुन्हा ऐकून शब्दन् शब्द लिहायचा, चार-पाच वेळा ऐकावं लागलं तरी चालेल. मग संहिता उघडायची आणि काय निसटलं ते नोंदवायचं : शब्दच माहीत नव्हता, की माहीत होता पण जोडून उच्चारल्यामुळे ओळखू आला नाही, की वक्त्याने उत्तर बदललं, की स्पेलिंग गेलं. चारही दुखण्यांवर औषध वेगळं आहे. शब्द माहीत नसेल तर वाचन वाढवावं लागतं, ओळखू येत नसेल तर हे उतरवून घेणं. व्याकरणाच्या प्रत्येक चुकीपुढेही स्वतःच्या शब्दांत कारण लिहायचं, आणि आठवड्याने तेच प्रश्न उत्तरं झाकून पुन्हा सोडवायचे. वीस प्रश्नांना दीड-दोन तास लागतात. लागू देत. हे काम संच काढणाऱ्याने अर्धं तरी करून द्यायला हवं होतं.

आणि निदान कुठल्या वर्षीच्या परीक्षेसाठी हा संच आहे, ते तरी सांगा! बी-टू फर्स्टचं वाचन आणि भाषेचा वापर हे दोन वेगळे पेपर 2015 मध्ये एकत्र झाले. टोफेल ही इंग्रजीची आणखी एक परीक्षा जुलै 2023 मध्ये तीन तासांवरून दोन तासांच्या आत आली आणि जानेवारी 2026 मध्ये तिचं स्वरूप पुन्हा बदललं. तरीही जुन्या आराखड्याचे संच ‘नवीन’ म्हणून खपवले जातात, आणि त्यावर महिने घालवलेल्या माणसाला परीक्षेच्या दिवशी पडद्यावर भलतंच काहीतरी दिसतं. पहिल्या पानावर एक वर्ष छापायला असे किती कष्ट पडतात?