घरात तीन झाकू आणि गंडम एकच, असं का

काल रात्री दीड वाजता डायनिंग टेबलवर झाकू नावाच्या प्लास्टिकच्या रोबोट मॉडेलचा उजवा पाय बसवत होतो, बायको पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "हा व्हिलनचा ना? मग परत हाच का आणलास?" प्रश्न रास्त आहे. घरात तीन झाकू झालेत आणि गंडम एकच, तोही गिफ्ट आलेला. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, गंडम ही 1979 ची जपानी अ‍ॅनिमेशन सिरीयल, त्यात गंडम नावाचाच 18 मीटरचा पांढरा रोबोट हिरोचा आणि समोरच्या सैन्याकडे हिरवे, एका डोळ्याचे झाकू. दोन्हींचं डिझाइन एकाच माणसाचं, कुनिओ ओकावारा. आणि माझं म्हणणं असं की त्याचा हात बघायचा तर झाकूत बघा, कारण गंडम काढताना त्याच्या मानगुटीवर खेळणीवाला बसलेला होता आणि झाकूकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

खेळणीवाला कुठून आला? या सिरीयलींना पैसाच खेळण्यांच्या कंपन्यांचा असायचा. 1972 ला गो नागाई या मांगा चित्रकाराचा (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) माझिंगर झेड हा रोबोट आला, त्यात पोरगं थेट रोबोटच्या डोक्यात जाऊन बसलं आणि गाडी चालवावी तसं तो चालवायला लागलं (त्याआधीचा तेत्सुजिन नावाचा रोबोट बाहेरून रिमोटवर चालायचा), आणि दोन वर्षांत त्याची चोगोकिन नावाची जड धातूची खेळणी निघाली ती अशी खपली की पुढे सिरीयल म्हणजे दर आठवड्याची अर्ध्या तासाची जाहिरातच होऊन बसली.

गंडमचा स्पॉन्सर होता क्लोव्हर, खेळण्यांची कंपनी. डायरेक्टर तोमिनोला रोबोट पांढरटच हवा होता, युद्धातल्या यंत्रासारखा. पण दुकानात फळीवर नुसतं पांढरं खेळणं कोण उचलणार, म्हणून छाती निळी, पोट लाल, मधे पिवळं. आता आपण त्याला आयकॉनिक वगैरे म्हणतो ते सोडा. नंतर मधेच जी-आर्मर नावाचं जोडायचं एक विमान घुसडलं, तेही खेळण्यासाठीच, आणि तोमिनोने पुढे याचे सिनेमे केले तेव्हा ते काढून टाकलं. एवढं सगळं करून खेळणी काही खपली नाहीत. 52 भागांची सिरीयल 43 वर गुंडाळली.

झाकूचं खेळणं काढायचा विचारच नव्हता. दर आठवड्याला फुटणारा रोबोट कोण घेणार! त्यामुळे ओकावाराला मोकळं रान मिळालं, आणि काय काढलंय राव त्याने. हेल्मेटसारखं गोल डोकं, तोंडाच्या जागी पुढे आलेलं नळकांडं, उजव्या खांद्यावर ढाल, डाव्यावर काटे, कमरेला आणि पायांना बाहेरून पाइप. मी टूलरूममधे मोल्ड डिझाइन करतो, मला ते पाइप बघितले की प्रेसचे हायड्रॉलिक होज आठवतात, वाटतं हे यंत्र गळत असणार, याला तेल लागत असणार, कोणीतरी शिव्या घालत याचा मेंटेनन्स करत असणार. गंडमकडे बघून असं वाटत नाही, तो सणासुदीचे कपडे घालून आल्यासारखा दिसतो.

आणि तो डोळा. काळ्या फटीतून सरकणारा एक गुलाबी ठिपका, बास. भुवया नाहीत, ओठ नाहीत, मान वळत नाही, ठिपका डावीकडून उजवीकडे येऊन थांबतो आणि आपल्याला कळतं की याने आपल्याला बघितलं. तेव्हा सगळं हाताने सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, काढायचे, डिझाइनमधे एक रेघ वाढवली की ती हजारो चित्रांत वाढायची, आणि हा माणूस एका ठिपक्यात अ‍ॅक्टिंग करून घेतो.

1980 च्या जुलैमधे बंदाई या दुसऱ्या खेळणी कंपनीने 300 येनला 1/144 मापाची, घरी जोडायची प्लास्टिक मॉडेलं काढायला सुरुवात केली आणि मग जे व्हायचं ते झालं. झाकूही खपला, तुफान खपला.

पण खेळणीवाल्यावर सगळा राग काढणंही बरोबर नाही. 1982 च्या मॅक्रॉस या सिरीयलीतली वाल्किरी घ्या, विमानाचा रोबोट होणारी. तिचा डिझायनर कावामोरी असली डिझाइनं लेगोच्या ठोकळ्यांत जुळवून बघतो, त्यामुळे विमानाचा रोबोट होताना कुठे फसवाफसवी नाही. दोन इंजिनं तेच दोन पाय, नोझल उघडलं की पाऊल. एफ-14 या अमेरिकन लढाऊ विमानासारखं दिसणारं विमान उभं राहतं आणि तुम्हाला पटतं, आणि खेळणं म्हणून हातातही तसंच बदलतं.

बाकी माणसाच्या आकाराचं काहीही करा, कंबरेपाशी घोडं अडतंच. माझ्या झाकूचे पुढचे दोन स्कर्ट (कमरेखाली लोंबणारी झाकणं) मधे एका बारीक पट्टीने जोडलेले आले. ती पट्टी निपरने कापली की दोन्ही पाय वेगवेगळे हलतात. पहिल्या झाकूला मी ती जरा जास्तच जवळून कापली होती, त्याचा डावा स्कर्ट आजही फेविक्विकवर आहे. योकोहामाला 2020 ते 2024 खराखुरा 18 मीटरचा हलणारा गंडम उभा होता ना, त्यालाही कंबरेला मागून आधार होता.

आताच्या बऱ्याच डिझाइनशी माझं जमत नाही ते झाकूच्या त्या एका ठिपक्यामुळेच. कॉम्प्युटरवर रेघ फुकट झाली, म्हणून पॅनलवर पॅनल, त्यावर खाचा, खाचेत लाइट. हलायला लागला की डोळ्यांसमोर नुसती भांडी घासल्यासारखी चमचम. माझी भाची सात वर्षांची आहे, तिला परवा झाकू दाखवून परत ठेवला आणि आठवून काढ म्हटलं. घुमट, फट, ठिपका, दोन पाइप. ओळखू येतो! हल्लीचा एक दाखवला तर तिने पंख काढले आणि कंटाळून उठली.

असो. बायकोला हे सगळं रात्रीच सांगितलं, तिने ऐकलं की नाही देव जाणे. सकाळी उठून बघतो तर झाकूचं डोकं उघडून कोणीतरी टूथपिकने डोळा सरकवलेला, आणि तो टेबलावरून थेट सिंकमधल्या माझ्या न घासलेल्या कपाकडे बघतोय.