सूचना आली, पुढे काय?

धोक्याची सूचना मोबाइलवर वेळेत पोहोचली की निम्मं काम झालं, हे आपत्तीच्या पूर्वसूचनेवरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं श्रीवर्धनकडच्या आम्हा लोकांना पटणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा सूचना आधीच मिळाली होती. होड्या वर ओढून झाल्या होत्या. पण वारा जरा पडला की आमच्या वाडीतली माणसं पत्रे सावरायला बाहेर! वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावरून जाताना वारा पडतो आणि मग उलट्या दिशेने सुटतो, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मोबाइल तर तोवर मुका झाला होता.

इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर २००४ च्या त्सुनामीत मोजकेच लोक दगावले. जमीन हादरून समुद्र मागे हटला की डोंगरावर पळायचं, हे तिथल्या आज्या १९०७ च्या त्सुनामीपासून नातवंडांना सांगत आल्या होत्या. आपत्तीचा धोका कमी करायला जगातल्या देशांनी मान्य केलेल्या सेंडाई आराखड्यातलं शिक्षण म्हणजे हेच ना? मग १३ ऑक्टोबरच्या आपत्तीदिनाला नुसत्या निबंधस्पर्धा कशाला? मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तेव्हा वाडीवाडीत सराव घ्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, गोठ्यातली गुरं कोणी सोडायची, हे नावानिशी ठरवा.