सीडी उठवा, जागा मोकळी करा

परवा माझ्या कोडवर शेरा पडला: ‘सीडी ही डिरेक्टरी बदलायची कमांड मेमरीत कायमची का बसवली आहे? विनाकारण जागा अडते. बाहेर काढावी.’ आणि पुढे तांबड्या अक्षरांत ‘गंभीर’.

कामापुरता एक छोटा कमांड शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम, लिहितोय मी. युनिक्सच्या धर्तीचा. ओळ वाचायची, तुकडे पाडायचे, फोर्क करून स्वतःची नक्कल, म्हणजे पोर, जन्माला घालायचं, एक्झेक करून त्याच्या अंगात दुसरा प्रोग्राम भरायचा आणि ते संपेपर्यंत वाट बघायची. बहुतेक कमांडी अशाच चालतात. मोजक्या मात्र, शेलचीच अवस्था बदलणाऱ्या, शेलच्या पोटातच ठेवाव्या लागतात: सीडी, एक्झिट, एक्सपोर्ट, यूमास्क. हौस नाही ती. पोराने डिरेक्टरी बदलली तर ती पोराचीच बदलते. पोर गेलं की बाप होता तिथेच.

एवढंच सांगायला शेरा लिहिणाऱ्या सरांच्या टेबलाशी गेलो. सर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसी सिस्टिमच्या, काळातले.

‘बस,’ म्हणाले. ‘रेसिडेंट म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो बघ. ६४० केबी मेमरी होती आम्हाला. सगळे मिळून ६४०!’

‘सर, पण या सर्व्हरला...’

‘टीएसआर, म्हणजे काम झालं तरी मेमरीत रेसिडेंट राहणारे प्रोग्राम, लिहिलेत मी. इंटरप्ट २१, फंक्शन ३१. एकदा प्रोग्राम ठाण मांडून बसला की भाडेकरूसारखा. उठवायचा कसा? शेवटी आलेला आधी उठवायचा. मधल्याला हात लावलास की मशीन गार.’

यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक नवा टीएसआर आधीच्याचा पत्ता खिशात ठेवायचा. मधला काढला की शेवटचा रिकाम्या जागेत उडी मारायचा, आणि तुमचं अर्धवट टाइप केलेलं पत्र त्याच्याबरोबर. पण माझ्या सीडीचा आणि याचा संबंध काय, हे विचारायला मला वाव मिळाला नाही.

‘तर तुझी सीडी. किती जागा खाते?’

‘काहीशे बाइट असतील. एक सिस्टिम कॉल आहे नुसता, सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नलला, मारलेली हाक.’

‘काहीशे! आणि कायम?’

‘कायम म्हणजे, सर, कोडचं ते पान कुणी वापरलंच नाही तर कर्नल ते मेमरीत आणतही नाही.’

‘म्हणजे ती मेमरीत आहे की नाही, हे तुलाच नक्की माहीत नाही.’ हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. ‘बरं, काढायची कशी? अनइन्स्टॉल कुठंय?’

‘सीडी काढायची?’

‘प्रत्येक रेसिडेंट कमांड काढता आली पाहिजे. शेल चालू असताना.’

‘एक्झिटसुद्धा?’

‘एक्झिटसुद्धा.’

‘मग शेलमधून बाहेर कसं पडायचं?’

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘आधी एक्झिट करायचं,’ ते म्हणाले. ‘मग एक्झिट काढायचं.’

बॅश या नेहमीच्या युनिक्स शेलमध्ये एनेबल नावाची कमांड आहे. तिला उणे एन दिलं की पोटातली हवी ती कमांड चालू शेलमध्येच बंद करता येते. बाहेरच्या फाइलमधून नवी जोडून घ्यायचीही सोय आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी अवाक्षर काढलं नाही.

खरं म्हणजे सरांच्या जगात सरांचं म्हणणं बरोबरच होतं. डॉसमध्ये प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी सगळ्या प्रोग्रामांची मिळून एकच. तिथे सीडी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली असती तरी चालली असती. पण ज्या रेसिडेंटपणाच्या नावाने ते मला धारेवर धरत होते, तो त्यांच्या कमांड डॉट कॉमला, म्हणजे डॉसच्या शेलला, तरी कुठे पुरता जमला होता? त्याचा थोडा भाग खाली कायम राहायचा. डीआयआर, कॉपी या कमांडींची मंडळी मेमरीच्या वरच्या टोकाला, आणि मोठा प्रोग्राम आला की त्यांना खुशाल तुडवून जायचा. मग खालच्या भागाने वरच्याच्या बाइटांची बेरीज ताडून बघायची, जुळली नाही तर वरचा भाग डिस्कवरून पुन्हा वाचायचा, आणि फ्लॉपी कुणी काढलेली असली तर आधी ती घाला म्हणून विनवायचं. युनिक्सवालेही यात एकदा आपटलेत. पीडीपी-७ या जुन्या मशीनवर डिरेक्टरी बदलणं ही सुरुवातीला साधी सुटी कमांडच होती. मग असेंब्लीच्या २७ ओळींत फोर्क आला आणि ती एकाएकी चालेनाशी झाली. चूक सापडेपर्यंत कोड उलटापालटा करून झाला, आणि शेवटी ती शेलच्या पोटात गेली. युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिचींनी हे स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या शेऱ्याचा निकाल मी जन्मायच्या आधीच लागलेला आहे. तरी पुढे ‘गंभीर’.

आणि जे खरोखर गंभीर आहे, ते कुणी विचारलंही नाही. पोटातल्या कमांडीचं आउटपुट फाइलकडे वळवायचं तर शेलला स्वतःचाच नळ वळवावा लागतो: आधी मूळ आउटपुटची नक्कल जपून ठेवायची, फाइल जोडायची, कमांड चालवायची, मग सगळं जागच्या जागी. कमांड मध्येच फसली तरीही. एक वाट सुटली की पुढची कमांड मागणारा प्रॉम्प्टसुद्धा फाइलीत जाऊन बसतो आणि माणूस काळ्या पडद्याकडे बघत राहतो. पाइपमध्ये, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीत, सीडी आली तर तिला पोरात चालवायचं की घरात, हा आणखी वेगळा घोळ. ते सगळं नीट बसवलं. त्यावर शेरा शून्य. चांगलाही नाही. कौतुक राहू द्या, ती फाइल उघडून तरी बघायची!

मग मी वाद सोडला. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणकात, २०२४ च्या आवृत्तीपर्यंत नियमच होता की सीडीसारख्या कमांडी एक्झेकनेही चालवता आल्या पाहिजेत. त्यापायी मॅकओएसच्या यूएसआर-बिन या डिरेक्टरीत सीडी नावाची खरीखुरी फाइल आहे. ती सांगितलेल्या जागी जाते आणि तिथेच संपते. तशीच एक फाइल करून सरांना वेगळा बिल्ड दिला.

सरांनी लॉगच्या डिरेक्टरीचं नाव देऊन सीडी मारलं. एरर नाही. ‘बघ,’ म्हणाले. ‘गेलो की नाही?’ आपण आता कुठे आहोत, हे त्यांनी शेलला विचारलं नाही. ‘आता एक्झिटही बाहेर काढ.’

तेही काढलं. सरांनी एक्झिट टाइप केलं. पोर जन्मलं, पोर गेलं, प्रॉम्प्ट हजर. त्यांनी पुन्हा टाइप केलं. प्रॉम्प्ट पुन्हा हजर.

आज सकाळी शेरा बंद झालाय. खाली लिहिलंय: ‘जागेचा प्रश्न सुटला. शेल अत्यंत स्थिर, प्रयत्न करूनही बंद पडत नाही.’