नावं जुळली म्हणजे माणूस जुळला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

स्टीफन हॉपकिन्स म्हणजे १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्यांपैकी एक. त्याच्या इंग्लंडातल्या मूळ गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हा सगळा नावं जुळली की माणूस जुळला असा मामला आहे. बर्म्युडातला हॉपकिन्स आणि मेफ्लॉवरवरचा हॉपकिन्स एकच कशावरून? मूळ रहिवाशांबद्दल जेमतेम दोन ओळी. जाइल्सचं सालही चुकलंय. आणि मराठी बाईला गोऱ्या वसाहतवाल्याच्या बापजाद्यांशी करायचंय काय? इंटरनेटवरून चार गोष्टी उचलायच्या आणि संशोधक म्हणून मिरवायचं!"

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते लिहिताना तुम्हाला सगळ्यात जास्त मजा आलेली दिसते. मी संशोधक आहे असं लेखात कुठेही म्हटलेलं नाही. हॉपकिन्सचं गाव कॅलेब जॉन्सन यांनी शोधलं आणि १९९८ साली छापलं, हे दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचलात की नाही, शंका आहे. प्रश्न विचारायला कुणाचीच ना नाही हो. पण आमच्याकडे भांडायला आलेला माणूसही ओसरीवर टेकून आधी पाणी मागायचा. तुम्ही चपला न काढता थेट माजघरात!

सालाचं म्हणाल तर तिथे तुमचा थोडा मान ठेवते. इंग्लंडातल्या हर्स्ली गावच्या चर्चच्या वहीत हॉपकिन्सच्या मुलाच्या, जाइल्सच्या बाप्तिस्म्याची तारीख ३० जानेवारी १६०७ अशीच दिसते. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, ते थेट १७५२ पर्यंत. त्यामुळे वहीतला १६०७चा जानेवारी आपल्या हिशेबाने १६०८चा होतो. मी लिहिलेलं १६०८ बरोबरच आहे, पण खाली एक टीप टाकली असती तर बरं झालं असतं. मान्य.

आता "नावं जुळली की माणूस जुळला". हे वाक्य मला लागलं, आणि का लागलं ते सांगते.

माझे वडील तलाठी होते. कोकणातलं गाव, नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच भावकीत एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची दोन-दोन माणसं हमखास. त्यातला एक वारला की वारस नोंदीला दोन्ही घरं हजर. वडिलांनी कधीही नुसत्या नावावर फेरफार ओढला नाही. मयताची बायको कोण, ती आधी गेली की मागे, मुलं किती, थोरलं कुठलं, कसायला कुठला तुकडा, हे सगळं विचारायचे, जबाब घ्यायचे, मोडीतले जुने कागद काढायचे. कच्चा मसुदा उतरवून द्यायचं काम शाळेच्या वयापासून माझ्याकडे असे. तेव्हा नाव आणि माणूस यांतला फरक मला तुमच्याकडून शिकायचा नाही.

हॉपकिन्सचं प्रकरण त्याच रीतीने बघा. अमेरिकेच्या बाजूला साक्षीदार कोण? मेफ्लॉवरवाल्यांनी तिथे वसवलेल्या प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड. वंशजांच्या आठवणी नव्हेत. त्याने जहाजावरच्या माणसांची घरवार यादी लिहून ठेवली. त्यात स्टीफन हॉपकिन्स, बायको एलिझाबेथ, आधीच्या बायकोपासूनची दोन मुलं जाइल्स आणि कॉन्स्टन्स, या बायकोपासूनची डॅमॅरिस आणि समुद्रावरच जन्मलेला ओशनस, शिवाय दोन नोकर. (हे दोन नोकर पुढे तलवारी घेऊन एकमेकांवर धावले. तो किस्सा पुन्हा कधीतरी.) म्हणजे इंग्लंडात शोधायचा तो नुसता स्टीफन हॉपकिन्स नाही. पहिली बायको वारलेला, आणि तिच्यापासून कॉन्स्टन्स व जाइल्स ही मुलं असलेला स्टीफन हॉपकिन्स हवा.

हॅम्पशर परगण्यातल्या हर्स्लीच्या वहीत काय आहे? स्टीफन हॉपकिन्सची मुलं: एलिझाबेथ मार्च १६०४, कॉन्स्टन्स मे १६०६, जाइल्स जानेवारी १६०८. मग मे १६१३ मध्ये मेरी हॉपकिन्सचं दफन आणि लगोलग तिच्या चीजवस्तूंची यादी. जाइल्स हे नाव काही गल्लोगल्ली सापडणारं नव्हे. बाप, मुलगी, मुलगा, मुलांचं वय, आईचा मृत्यू, हे सगळं एकाच गावात एकत्र येतं. त्याच परगण्यात अप्पर क्लॅटफर्डला ३० एप्रिल १५८१ रोजी एका स्टीफन हॉपकिन्सचा बाप्तिस्मा आहे. याला नावं जुळवणं म्हणत असाल तर वारस नोंद कशाला म्हणाल?

उलट नुसत्या नावाचा खेळ चालला होता तो आधी. कित्येक वर्षं लोक त्याला ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एजचा मानत होते आणि पहिल्या बायकोचं नाव कॉन्स्टन्स डडली असं सांगत होते. ती डडली अजूनही घरोघरच्या वंशावळींत ठाण मांडून बसली आहे. गुस्ताव अँजूसारखे लोक तर पैसे घेऊन खोट्या वंशावळी बनवून देत. तुमचा राग तिकडे वळवा की!

बर्म्युडाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे निघालेलं 'सी व्हेंचर' जहाज १६०९च्या जुलैत त्या बेटावर फुटलं. हॉपकिन्सने तिथे गव्हर्नरचा अधिकार मानायला नकार दिला, बंडखोरीबद्दल त्याला मृत्युदंड ठोठावला गेला आणि बायकामुलांची दैना होईल अशी गयावया करून तो सुटला, असं त्याच जहाजावरच्या विल्यम स्ट्रेचीने लिहिलं आहे. पुढे १६२०च्या नोव्हेंबरात मेफ्लॉवर जिथे किनाऱ्याला लागलं त्या केप कॉडच्या रानात वाकवलेलं झाड आणि फास दिसला तेव्हा हा हरणं धरायचा सापळा, हे सांगितलं हॉपकिन्सने. या मुलखाचं वारं आधी लागलेल्या माणसालाच असलं काही कळतं. तुम्हाला पटत नसेल तर नसो.

मूळ रहिवाशांबद्दल: त्यांच्यातला समोसेट हॉपकिन्सच्या घरी रात्री राहिला, हॉपकिन्स मेफ्लॉवरवरच्याच विन्स्लोबरोबर वॉम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्या भेटीला गेला, हे लेखात आहे. वॉम्पानोआग लोकांवर त्याहून जास्त हवं असेल तर तो विषय वेगळा. अवश्य लिहा, मी वाचीन.

राहिलं मराठी बाईला करायचंय काय. माझ्या शेजारच्या आजींना मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेत अर्ज करायचा होता. ही संस्था १८९७ पासूनची, आणि ती दर पिढीचा कागद मागते. जुनी अक्षरं वाचायची सवय असलेलं त्या गल्लीत मीच होते, म्हणून आजी माझ्याकडे आल्या. मोडी लागलेल्या डोळ्यांना सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर तितकंसं परकं वाटत नाही. त्यांचा अर्ज झाला, मला नाद लागला. माझं कुलदैवत मला ठाऊक आहे, कुलवृत्तांतही घरात आहे, ती काळजी नसावी.

पुढच्या लेखात व्हाइटचॅपलला फेब्रुवारी १६१८ मध्ये झालेलं हॉपकिन्सचं दुसरं लग्न येईल. त्यावर तुटून पडायचं असेल तर खुशाल पडा, फक्त स्वतःचं नाव लिहून. निनावी प्रतिक्रिया यापुढे मी छापणार नाही.