पिल्लू सापडलं? मग त्याची सुटका नाही

परवा रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात एक गृहस्थ, त्यांच्या हातात बुटांचा खोका, खोक्यात कापूस आणि कापसात बुलबुलाचं पिल्लू. "चार दिवस झाले, आम्ही याला वाचवलं," ते कौतुकाने म्हणाले. "आजपासून जरा मान टाकतंय. तुम्ही पक्ष्यांचं बघता ना?"

बघते. बरीच वर्षं बघते. पण अशा आधीच वाचवून झालेल्या पक्ष्यांचं बघण्यासारखं फारसं काही शिल्लक नसतं. तेव्हा म्हटलं, लोकांना अडवून उपयोग नाही. निदान वाचवण्याची नीट पद्धत तरी लिहून द्यावी, म्हणजे चार दिवसांचं काम दोन दिवसांत उरकेल.

तर, पिल्लू दिसलं रे दिसलं की उचला. अंगावर पिसं आली आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे अनाथच. उडायला पुरतं येण्याआधीच पिल्लं घरटं सोडतात, पुढचे काही दिवस झुडपांतून धडपडतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात, हे पक्ष्यांना ठाऊक असेल. तुमचा काय संबंध? आई येते का हे बघायची फारच हौस असेल तर पिल्लापासून दोन फुटांवर उभे राहून बघा. पाच मिनिटांत आली नाही तर ती वारली असं समजा. (रानसशाची मादी पिल्लांना पाजायला दिवसातून एखाद्या वेळीच येते, हरणी पाडसाला गवतात लपवून तासन्‌तास लांब चरते. एकूणच आया बेजबाबदार.)

पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि घरटं हाताशी असलं, तरी परत ठेवू नका हं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते! पक्षी असं करत नाहीत, पण समज जुना आहे, त्याचा मान राखायला हवा.

प्राणी मोठा असेल तर गाडीत घाला. २०१६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांनी बायसनच्या वासराला थंडी वाजत असेल म्हणून गाडीत बसवलं. कळपाने त्याला परत घेतलं नाही, ते माणसांमागे आणि गाड्यांमागे फिरत राहिलं आणि शेवटी उद्यानवाल्यांना ते मारावं लागलं. पण थंडी वाजली नाही ना?

आता दूध. दूध पाजाच. पक्षी सस्तन नाही, दूध हा प्रकारच त्याच्या जातीला ठाऊक नाही, ते पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. पण तुम्ही प्रेमाने देताय म्हटल्यावर पचेल. ड्रॉपर घ्या, चोच बळेच फाकवा आणि जिभेवर थेंब सोडा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. नाकपुड्यांतून बुडबुडे आले की म्हणा, "बघा, पोट भरलं." पोट नाही हो, फुप्फुसं भरली! अंग गार पडलं असेल तर आधी ऊब द्यायची, गार अंगाला अन्न पचत नाही, हे मी किती वेळा सांगायचं? खारीच्या पिल्लाला गाईचं दूध, वटवाघळाच्या पिल्लाला गाईचं दूध, कासवाला दूध, सापाला दूध! सापाला! तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, आणि आपण हात जोडतो. जगातल्या प्रत्येक जिवाला वासरू समजायचं आणि वासराला मात्र दावणीला लांब बांधायचं. असो.

हाताळा. पाहुण्यांच्या, त्यांच्या मुलांच्या, मुलांच्या मित्रांच्या हातात द्या. काळीज धडधडतं ते आनंदाने. हरणांसारखी जनावरं तर नुसत्या धरपकडीच्या धसक्याने स्नायू निकामी होऊन दगावतात.

नाव ठेवा, खांद्यावर बसवा, लळा लावा. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर ही गिधाडं जगात अवघी २२ उरली होती. तेव्हा पिल्लं वाढवणारे खुळे लोक हातात कॉन्डॉरच्या तोंडाची बाहुली घालून त्यांना भरवत, का तर माणसाची सवय लागू नये! त्या बाहुलीबरोबर सेल्फी काय येणार?

माकडांना खायला घाला. चावली की वनखात्याला शिव्या घाला.

आणि नको असलेला प्राणी पकडून लांब सोडा. २००१ नंतर जुन्नर भागातले बिबटे असेच पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलुखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर दुसरं काय करणार? पण आपल्या दारातून गेला ना, मग झालं. पुढचं दार आपलं नाही.

पिल्लू पहाटे गेलं.

सकाळी मी त्या गृहस्थांना फोन केला, तर ते म्हणाले, "अरेरे. पण मुलांना चार दिवस छान अनुभव मिळाला."

मला पुढे उपरोधाने लिहिता येत नाही, माफ करा. अहो, अनुभव हवा होता तर खिडकीत बसवायचं होतं मुलांना. पिल्लू झुडपात ठेवून लांबून बघायचं होतं. जखमी वाटत होतं तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवून, काहीही न पाजता, त्याच दिवशी आणायचं होतं. त्याच दिवशी! चार दिवस व्हिडिओ काढायला वेळ होता, एक फोन करायला नव्हता? शिकलेली माणसं तुम्ही, हातातल्या त्याच फोनवर "पक्ष्याला दूध द्यावं का" एवढं तरी विचारायचं होतं.

आणि तुम्हीच तक्रार करत होतात ना, की दुसरा एक बुलबुल दोन दिवस खिडकीच्या जाळीवर येऊन ओरडत होता, हाकलला तरी जात नव्हता? चोचीत अळी धरून आला होता म्हणालात. ती कुणासाठी आणली होती, असं वाटलं तुम्हाला?