चवथीच्या साफसफाईत सीडी प्लेअर भंगारात घालण्याआधी

गणपतीची चवथ जवळ आली की घराघरांतून माळ्यावरचं सामान खाली येतं, आणि यंदा आमच्या गोव्यात फोंड्याच्या बाजूला त्या सामानात सीडी प्लेअर बरेच दिसतायत. "फोनवर सगळं मिळतं, ही पेटी कशाला अडवून ठेवायची?" असं जो तो म्हणतो. यातल्या 'सगळं' या शब्दाशी माझं भांडण आहे. पेटीशी नाही.

आवाजाचा मुद्दा आधी निकालात काढतो. 'सीडीचा आवाज तो सीडीचाच' म्हणणारे मित्र माझ्याही यादीत आहेत, रागावले तर रागावोत. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, हे माप सोनी आणि फिलिप्सने १९८० साली ठरवलं आणि आजही ते तेच आहे. ॲपल म्युझिकने २०२१ पासून तेवढ्याच किंवा त्याहून वरच्या दर्जाचं लॉसलेस, म्हणजे आवाजात काहीही न गाळलेलं रेकॉर्डिंग, जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. आकडे तेच असतील तर कान वेगळं काय ऐकणार? हां, ते लॉसलेस ब्लूटूथ स्पीकरवर लावलंत तर वाटेतच त्याची काटछाट होते, पण त्याला स्ट्रीमिंग काय करणार! तेव्हा नुसत्या आवाजासाठी प्लेअर ठेवला असेल तर खुशाल देऊन टाका.

पण दोन हजार सालानंतरची दहाबारा वर्षं आठवा. आपल्याकडे सीडी कोण काढत नव्हतं? भजनी मंडळं, घुमट (मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य) वाजवत आरती म्हणणारी पथकं, नाट्यपदं गाणारी गावची हौशी मंडळी, तियात्र ही कोंकणी नाटकं करणारे. देवळाच्या उत्सवात टेबल मांडून विकायचे, अर्ध्या तर ओळखीपाळखीत फुकटच वाटल्या जायच्या. यातलं किती आज ॲपवर सापडतं? शोधून बघा. ज्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग झालं त्याची हार्ड डिस्क कधीच गेली. तुमच्या शोकेसमधली ती डिस्क हीच आता मूळ प्रत, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

आणि हे सगळं आपोआप ॲपवर जाईल या भ्रमातही राहू नका. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ ऐकलं असं धरतात. म्हणजे तासाभराचा राग आणि तीन मिनिटांचं गाणं एकाच मापाने मोजायचं. शिवाय २०२४ पासून नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मंडळाची आरती वर्षाला हजार वेळा कोण ऐकणार? चवथीचे पाच-सात दिवस वाजली तर वाजली. बरं, मोठ्या कंपन्यांचं तरी कायमचं असतं का? २०२३ च्या मार्चमध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघून गेली होती. भाडेकरूला घर सोडायला सांगावं तसं.

गायिका केसरबाई केरकरांचं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. आपल्या केरीच्या या बाईंची भैरवी १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती निवड झाली तेव्हा मूळ रेकॉर्ड बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, खोक्यात पडलेली सापडली. त्या दुकानदाराने साफसफाई केली असती तर?

आता आपल्या डिस्कची गोष्ट. कंपनीची छापील सीडी असते तिच्या प्लॅस्टिकमध्येच रेकॉर्डिंगचे खड्डे उठवलेले असतात, वर ॲल्युमिनियमचा थर. मंडळांच्या सीडी बहुतेक घरच्या बर्नरवर, म्हणजे कोऱ्या सीडीवर रेकॉर्डिंग उतरवणाऱ्या ड्राइव्हवर, केलेल्या, त्यात रंगाचा थर असतो आणि रेकॉर्डिंग त्या रंगातच. उजेडाने, उष्णतेने तो रंग उतरतो. त्यात आपला पावसाळा! कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे डिस्कची काय कथा. म्हणजे घाई आहे ती या घरगुती डिस्कची. छापील सीडी थांबू शकतात.

पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. रेकॉर्डिंगचा माग गोलाकार असतो, त्यामुळे गोल ओरखडा त्याच मागावर लांबवर जातो. प्लेअर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट गणिताने भरून काढतो, त्यापुढे अंदाजाने वेळ मारून नेतो, आणि तूट फारच मोठी असेल तर आवाज तुटायला लागतो. आणि लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण नाजूक असते ती वरची, छापलेली. तिथे बॉलपेनने नाव लिहिणाऱ्यांना काय म्हणावं!

मग करायचं काय? लॅपटॉपला लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सीडी उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर घ्या, चकटफू आहे, आणि फाइल फ्लॅक या लॉसलेस प्रकारातच काढा, आवाज गाळणाऱ्या एमपीथ्रीत नको. लॅपटॉपच्या ड्राइव्हला वाचता येत नाही अशी एखादी डिस्क जुना प्लेअर मात्र गुमान वाजवतो, म्हणून काम संपेपर्यंत तो घरात हवा. त्याच्या मागच्या लाइन आऊटमधून (आवाज बाहेर काढायच्या जोडणीतून) वायर काढून रेकॉर्ड करता येतं. लेन्स मळलेली असेल तर आधी ती पुसून घ्या.

सोबतचा कागद टाकू नका, फोटो काढून ठेवा. घुमटावर कोण, शामेळ या तालवाद्यावर कोण, बाजाची पेटी कुणी धरली, ते तिथेच लिहिलेलं असतं. 'ट्रॅक ०१' नावाची फाइल नातवाला काय कळणार? मंडळ, गाव, साल, सगळं फाइलच्या नावात घाला आणि एक प्रत मंडळाला द्या. त्यांच्याकडेच ती नसते, हे हमखास.

माझा ड्राइव्ह सध्या रिकामा पडून आहे. फोंड्यात कुणाला हवा असेल तर घेऊन जा. फक्त वायरसकट परत आणा.