ग्रंथपालालाही शिकू द्या

गेल्या आठवड्यात मेडिसिनचा एक रेसिडेंट थिसिसची सिनॉप्सिस घेऊन लायब्ररीत आला. विषय विंचूदंशाचा. चेहरा पार उतरलेला. "मॅडम, आठवडाभर पबमेड चाळतोय, आपल्याकडचं काही मिळतच नाही. आता विषय बदलावा लागणार बहुतेक."

पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची ऑनलाइन सूची. मी विचारलं, शोधताना लिहिलंस काय? त्याने ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’ लिहिलं होतं. चूक काहीच नव्हतं, लाल विंचवाचं आजचं शास्त्रीय नाव तेच आहे. पण हाच विंचू आधी ‘मेसोब्युथस’ होता आणि त्याच्याही आधी ‘ब्युथस’. शास्त्रज्ञांनी नाव बदललं म्हणून जुने पेपर काही स्वतःचं नाव बदलून घेत नाहीत. आम्ही तिन्ही नावं घेतली, सोबत ‘रेड स्कॉर्पिअन’, ‘स्टिंग’, ‘एन्व्हेनोमेशन’ (दंशाने विष भिनणं) हे शब्द घेतले, नीट जोडले आणि पुन्हा शोधलं. डॉ. हिंमतराव बावस्करांचे पेपर एकामागून एक समोर आले. महाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून केलेली त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने छापली, पुढे प्राझोसिन या औषधाने कितीतरी जीव वाचले. हे काम आपल्या महाराष्ट्रातलं, आणि मिरजेत बसलेल्या आपल्याच मुलाला ते सापडत नव्हतं!

वीस मिनिटांत झालं सगळं. पोरगा खूश होऊन गेला. मी मात्र तिथेच बसून राहिले, कारण हे मला कुणी शिकवलेलं नाही. एकोणीस वर्षं चाचपडत, चुकत, स्वतःच्या पदरमोडीने शिकले आहे. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

बी.लिब., एम.लिब.ला आम्ही ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम पाठ केले. १९३१ सालचे ते नियम मला आजही तितकेच खरे वाटतात, विशेषतः चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. वर्गीकरण शिकलो, तालिकीकरण शिकलो. पण मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत पहिल्या दिवशी पाऊल ठेवलं तेव्हा ‘मेश’ हा शब्द मी ऐकलेलाही नव्हता. वैद्यकातल्या प्रत्येक पेपरला विषयाची ठरावीक संज्ञा लावणारी ही शब्दावली अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून सांभाळली आहे. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिलेलं असो की ‘एमआय’, मेशमध्ये दोन्ही ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’खाली येतात. शाळेत बाराखडी तशी ही आमच्या कामात. आणि ती मला नोकरीच्या चौथ्या वर्षी कळली! तोपर्यंत आलेल्या किती मुलांना मी अर्धवट शोधून दिलं असेल, त्याचं आजही वाईट वाटतं.

अर्धवट शोधण्याने काय होतं, ते २००१ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या एका अभ्यासात चोवीस वर्षांची निरोगी स्वयंसेवक मुलगी हेक्सामेथोनियम हे औषध हुंगल्यानंतर फुफ्फुसं निकामी होऊन दगावली. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी पबमेड पाहिलं होतं. पण त्या वेळी पबमेड १९६६ पर्यंतच मागे जात होतं, आणि हे औषध फुफ्फुसाला घातक ठरू शकतं हे सांगणारे पेपर होते १९५० च्या दशकातले. वैद्यकीय पेपरांच्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीचे जुने खंड उघडायला सांगणारं माणूस शेजारी असतं तर? हा प्रश्न मी दर वर्षी पीजीच्या नव्या बॅचला विचारते. वर्ग एकदम शांत होतो.

आमच्याकडे ग्रंथपालाची आठवण दोनदा होते. एकदा इन्स्पेक्शन आलं की, आणि एकदा कोर्स संपताना नो ड्यूजवर सही हवी असली की. इन्स्पेक्शनला पुस्तकं मोजतात, जर्नलं मोजतात, रीडिंग रूममधल्या खुर्च्या मोजतात. ग्रंथपालाने गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकलं, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी वैद्यकीय ग्रंथपालांच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी अर्ज केला होता. ड्यूटी लीव्ह द्या, एवढंच मागणं. फी आणि रेल्वेचं भाडं मी भरणार होते. अर्ज परत आला, आणि तोंडी निरोप असा की लायब्ररीवाल्यांना कसलं आलंय ट्रेनिंग, पुस्तकं द्यायची आणि घ्यायची. कुठलं ऑफिस, कुठला साहेब, ते सांगत नाही. मी अर्जित रजा टाकून गेले. तिथे भेटलेल्या जवळपास प्रत्येकाची हीच कहाणी होती.

आता पैशाचं बघा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलांच्या एकत्रित वर्गणीची योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. मी मनापासून स्वागत केलं. एकेका जर्नलच्या वर्गणीसाठी फायली घेऊन फिरलेल्या माणसालाच त्याचं मोल कळतं. पण ही सोय सरकारी संस्थांपुरती आहे. मिरजेत गल्लोगल्ली असलेल्या खासगी हॉस्पिटलांतले डॉक्टर तिच्या बाहेर आहेत. आणि जिथे ती पोचली, तिथेही मुलं गूगलवर दोन शब्द टाकून पहिल्या पानावरचं उचलतात. विहीर खोदली, पाणीही लागलं, पण पोहरा कुणाच्या हातात नाही. एवढ्या खर्चातला अगदी छोटा वाटा जरी शोधायला शिकवणाऱ्यांवर खर्च झाला, तरी फरक दिसेल असं माझं ठाम मत आहे.

बाहेर हे फार आधी ओळखलं गेलं. १९७१ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डात राउंडला नेलं. प्रश्न निघतो पेशंटच्या खाटेपाशी, मग उत्तर शोधणाऱ्याने तिथे का असू नये? १९९२ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर भागातल्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लायब्ररीतून मिळालेल्या माहितीमुळे आपण पेशंटच्या बाबतीत काहीतरी वेगळं केलं, असं त्यात ८० टक्के डॉक्टरांनी सांगितलं.

मीही राउंडला गेले आहे, तीन महिने. एका युनिटच्या सरांनी स्वतःहून बोलावलं. पहिल्या दिवशी सिस्टरांना वाटलं मी कुणा पेशंटची नातेवाईक आहे. कोपऱ्यात उभी राहून वहीत प्रश्न टिपायचे, दुपारी शोधायचे, संध्याकाळी सरांच्या टेबलावर दोन पेपर आणि चार ओळींचा सारांश ठेवायचा. पूर ओसरल्यानंतरचे दिवस होते. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा संसर्ग) होऊ नये म्हणून सगळ्यांना दर आठवड्याला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यावं का, असं एका रेसिडेंटने विचारलं. एकेका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २००९ चा आढावा काढून दिला. फायदा स्पष्ट नाही, मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात, असं त्यात होतं. त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि कोणाला द्यायचं, कोणाला नाही, ते डॉक्टरांनी ठरवलं. ठरवणं त्यांचंच काम. पण त्या अर्ध्या तासात आपण नोकरीचं चीज केलं असं मला वाटलं. पुढे सरांची बदली झाली आणि राउंडही थांबले.

शिकायचं म्हटलं तर साधनं आहेत, आणि त्यातली बरीच फुकट आहेत. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या नेटवर्कचे पबमेडवरचे वर्ग कुणालाही ऑनलाइन करता येतात. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे घरचं आवरून साडेअकराला कानात हेडफोन घालून मी कितीतरी वेबिनार ऐकले. दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीचं ‘इर्मेड’ हे ऑनलाइन वैद्यकीय जर्नलांचं जाळं आहे. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर आहे, त्याला एक पैसा लागत नाही. झोटेरो शिकलेला एकही रेसिडेंट मला थिसिसच्या शेवटच्या रात्री संदर्भांचे क्रमांक हाताने बदलताना दिसलेला नाही.

आणि आता नवीनच संकट. मागच्या महिन्यात एका मुलीने चौदा संदर्भांची यादी आणली, म्हणाली, "मॅडम, फक्त फुल टेक्स्ट काढून द्या." त्यातले पाच कुठेच नव्हते. लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, पेपर मात्र कधी लिहिलाच गेला नव्हता. डीओआय, म्हणजे पेपरचा ओळख क्रमांक, टाकला की भलताच लेख उघडायचा. यादी चॅटजीपीटीने दिली होती. ती बिचारी रडवेली झाली. तिला दोष कसा देऊ? कुणी सांगितलंच नव्हतं तिला. पण उद्या असा खोटा संदर्भ एखाद्या औषधाच्या डोसाला चिकटून आला आणि तपासायला कुणीच नसलं तर?

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक मेडिकल कॉलेजने ग्रंथपालाला वर्षातून निदान पाच दिवस शिकण्यासाठी ड्यूटी लीव्ह द्यावी, फी कॉलेजने भरावी. एम.लिब.मध्ये वैद्यकीय माहितीचा एक पूर्ण पेपर असावा आणि त्यासाठी हॉस्पिटलच्या लायब्ररीत महिनाभर बसवावं. पीजीच्या पहिल्याच महिन्यात शोध कसा घ्यायचा ते ग्रंथपालाने शिकवावं, आणि तो तास टाइमटेबलमध्ये छापलेला असावा. नर्सिंगच्या मुलींनाही त्यात बसवा, त्यांना तर कुणी विचारतच नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. सांगली, मिरज, कराड, कोल्हापूर अशा ठिकाणचे आम्ही सात ग्रंथपाल दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला ऑनलाइन भेटतो. एकाने एक खरा प्रश्न आणायचा, सगळ्यांनी तो आपापल्या परीने शोधायचा आणि कोणाचं काय निसटलं ते बघायचं. मागच्या वेळी फुरशाच्या दंशावर शोधताना माझेच दोन पेपर निसटले, ते कराडच्या ताईंना सापडले. येत्या शनिवारी द्राक्षबागेतल्या फवारणीची विषबाधा घेतली आहे. प्रश्न तासगावच्या एका डॉक्टरांनी पाठवला आहे.